खात्यापित्या घरचे दोन भाऊ

लोणावळ्याच्या पार्सल ऑफिसात मी बावीस वर्षं वजनं करत आलोय. करवंदांच्या पाट्या, गुडदाणीचे, म्हणजे चिक्कीचे, डबे, साहेबलोकांच्या ट्रंका, एकदा तर खोक्यात बसवलेलं हरणाचं पाडस. काटा माझ्या हुकमात होता आणि त्यावर चढलेल्या सगळ्या मालात मला सर्वांत देखणा वाटायचा तो माझा स्वतःचा देह. तीन मण दोन शेर. ज्यांना मणाचा अंदाज नाही त्यांच्यासाठी सांगतो, चाळीस शेरांचा एक मण; माझ्याऐवजी दोन शाळामास्तर सहज पाठवता आले असते.

दर शिमग्याला माझा थोरला भाऊ टाकव्याहून यायचा. त्याला मी दादा म्हणतो. 'म्हणायचो' असं लिहायला हवं, पण हात वळत नाही.

दादा तरुणपणी पैलवान होता. खांदा निखळला तशी कुस्ती सुटली, पण खुराक सुटला नाही. शेरभर दूध, वाटीभर तूप आणि भिजवलेले बदाम आधी आईनं चालू ठेवले, मग वहिनींनी. तो त्याचा मान होता. मान कमी कसा करायचा? शिमग्याला आम्ही दोघं हमालांच्या देखत एकामागून एक काट्यावर चढायचो आणि दाराआडच्या भिंतीवर खडूनं आकडे मांडायचो. दादा नेहमी माझ्याहून पाच शेर वरचढ. "रघ्या, अजून कच्चा हाईस," तो मिशीवरून हात फिरवत म्हणायचा. "हे बघ, खात्यापित्या घरचं माप." हमाल टाळ्या वाजवायचे.

मी लिहायला बसलोय ते आजाराबद्दल. कुणाला वाटेल, गंमत सांगतोय. मलाही पुष्कळ वर्षं ती गंमतच वाटत होती.

*

सगळ्यांत आधी मुंग्यांना कळलं.

त्या वर्षी ऐन पावसाळ्यात मला तहान लागायला लागली. तांब्या रिकामा व्हायचा, भरायचा, पुन्हा रिकामा व्हायचा, आणि तितक्याच माझ्या न्हाणीघराकडे फेऱ्या. पाठीवर एक गळू आलं होतं ते दोन महिने पाहुण्यासारखं मुक्कामाला राहिलं. मालधक्क्याच्या सात पायऱ्या चढताना मी तिसरीवर थांबायचो आणि डोंगर न्याहाळत असल्याची मुद्रा करायचो. बघणाऱ्याला वाटावं, काय रसिक माणूस आहे. आत छातीत भाता चाललेला.

एक दिवस आमची मंडळी न्हाणीघराच्या दारातून म्हणाली, "अवो, हितं गूळ सांडलाय का कुनी?" मोरीच्या कडेनं काळ्या मुंग्यांची रांग लागली होती.

"न्हाणीघरात गूळ कोन नेतंय?"

"तुमचा भरवसा न्हाई."

तिनं राख लावून मोरी घासली. दोन दिवसांनी रांग पुन्हा हजर. मग ती कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली. "ह्या मुंग्या माज्या मागनं येत न्हाईत, यमीच्या मागनं येत न्हाईत. तुमच्याच मागनं येत्यात. डाक्टरकडं जावा."

यमी म्हणजे यमुना, आमची एकुलती एक मुलगी. त्या वेळी सतरा वर्षांची. पुढं जे झालं ते सगळं तिच्याभोवती झालं, आणि तिला त्यातलं काही ठाऊक नव्हतं.

*

आमच्या लोणावळ्याला तेव्हा मुंबई-पुण्याचे क्षयाचे रोगी हवेसाठी येऊन राहत. डॉक्टरांच्या व्हरांड्यात सोमवारी त्यांची वजनाची रांग लागायची. अर्धा पौंड वाढला की आनंद, घटला की घरच्यांची तोंडं उतरायची. त्या हाडकुळ्या रांगेच्या शेवटी मी उभा राहिलो तेव्हा सगळे माझ्याकडे असे पाहू लागले, जणू उपाशी गावात मिठाईवाला शिरला.

डॉक्टर स्वतः काटकुळे होते. विनोद ऐकला की चष्मा पुसायला घ्यायचे.

"वजन?"

"तीन मण दोन शेर," मी छाती फुगवून सांगितलं.

त्यांनी चष्मा पुसला. माझी लघवी एका काचेच्या नळीत निळ्या पाण्यात घालून स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि बघता बघता नळीत वीट उगाळल्यासारखा तांबडा गाळ बसला. जादूचा खेळ पाहिल्यासारखं मला टाळी वाजवावीशी वाटली.

"म्हणजे काय झालं?"

"म्हणजे मुंग्या बरोबर होत्या," डॉक्टर म्हणाले. "मधुमेह आहे. तुमच्या अंगावर एक माणूस जादा बसलाय. तुमच्याच हृदयावर आणि तुमच्याच गुडघ्यांवर तो जगतोय. असाच राहिला तर डोळे जातील, मूत्रपिंडं जातील, पायाला काही लागलं तर ते भरणार नाही. त्याला उतरवा." मग नळी धुता धुता विचारलं, "घरात आणखी कुणी असं जाडजूड आहे?"

"थोरला भाऊ. माझ्याहून पाच शेर जास्त."

"त्याला घेऊन या. याच महिन्यात."

घरी येताना बाजारातून मी फार सावकाश चाललो. लोकांच्या नकला करण्यात माझा हातखंडा. स्टेशनमास्तर, तिकीट तपासनीस, गावचा पाटील, सगळे मी हुबेहूब करायचो. त्या दिवशी बायकोनं विचारलं, "काय म्हनले?" तर मला डॉक्टरांची नक्कल करता येईना. साधं सांगायलाही तोंड उघडेना. ती काय ते समजली. ताटातला भात तिनं परत पातेल्यात घातला. आंबेमोहराच्या मावळात जन्मलेल्या माणसाचा भात त्या दिवशी सुटला.

*

नाचणीची भाकरी, पालेभाजी, ताक. सकाळी उठून वळवणच्या धरणापर्यंत चालत जायचं आणि परत यायचं. पहिले आठ दिवस मी रस्त्यातल्या प्रत्येक झाडाला टेकलो. भूक अशी की स्वप्नात श्रीखंड यायचं आणि मला ओळख न देता निघून जायचं. पण मुंग्या विरळ झाल्या, गळू सुकलं, पाच महिन्यांत अर्धा मण उतरला. तिसऱ्या पायरीवर डोंगर बघणं मी विसरून गेलो.

सोमवारी रांगेत माझी चांगलीच पंचाईत व्हायची. गिरगावचा एक तरुण रोगी पेढे वाटायचा, "एक पौंड वाढलो." मी म्हणायचो, "चार पौंड उतरलो." की सगळा व्हरांडा गप्प. एक म्हातारी माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "होईल हो बाळा, देव आहे." मी हे घरी रंगवून सांगायचो आणि हसायचो. हसणं त्या माघातच संपलं.

यमुनेला वराळ्याचं स्थळ आलं होतं. बोलणी पक्की झाली होती, साखरपुडा तेवढा व्हायचा होता. मुलाचे वडील, त्यांना सगळे आबा म्हणतात, काही कामासाठी लोणावळ्याला आले आणि त्यांनी मला पाहिलं. सोमवार होता. डॉक्टरांचा व्हरांडा, क्षयाच्या रोग्यांची रांग, आणि रांगेत अंगावर सदरा लोंबत असलेला मी. आबा तसेच मागे फिरले.

चार दिवसांनी दादा आला. खांद्यावर तांदळाचं गाठोडं, कपाळाला आठ्या.

"वराळ्याचं आबा इचारत व्हतं, तुमच्या भावाला हवा मानवंना काय." तो ओसरीवर बसला. "रघ्या, खरं सांग. छातीचं हाय का?"

"न्हाई दादा. भैरोबाची आन. छाती ठणठणीत हाय."

"मग असा सोलल्यागत का दिसतोस?"

इथं मला खरं सांगता आलं असतं. डॉक्टरांचं 'याच महिन्यात' पाच महिने जुनं झालं होतं, पण उशीर झाला नव्हता. मी मनात असा विचार केला: दादा खोटं बोलत नाही. आबांनी त्याला समोर बसवून विचारलं तर तो खरं सांगेल, आणि क्षय काय, मधुमेह काय, घराण्यात रोग आहे म्हटल्यावर स्थळ मोडेल. एकदा लग्न मोडलेल्या मुलीला मग कोण विचारतं? लग्न होऊ दे. वैशाखानंतर त्याला हाताला धरून डॉक्टरकडे नेऊ.

"पोट बिघडलं व्हतं," मी म्हणालो.

दादाचा चेहरा उजळला. त्यानं पाणी मागितलं. तांब्याभर प्याला, आणखी मागितलं, तेही प्याला, आणि बोलता बोलता तिसरा तांब्या रिकामा केला. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

"उन्हातनं चालत आलो," दादा म्हणाला.

माघ महिना होता. थंडीनं ओसरीची फरशी गार पडली होती.

*

साखरपुड्याची पंगत टाकव्याला, दादाच्या अंगणात. त्याआधी महिनाभर मी पथ्य गुंडाळून ठेवलं. बायको भाकरी वाढायची आणि मी भात मागायचो. "पोरीसाठी," असं मी म्हणायचो, आणि ती पदर डोळ्याला लावून वाढायची. गाल पुन्हा भरले. मुंग्या परत आल्या.

आमच्याकडे पंगतीत आग्रह नाही झाला तर जेवणाऱ्याचा अपमान, आणि जेवणाऱ्यानं पानावर हात आडवा धरला तर वाढणाऱ्याचा. दोन्हीकडची अब्रू ताटातच. आबा समोरच्या रांगेत, बरोबर आमच्यासमोर बसले होते. दादा माझ्या कानाशी लागला. "आज दावायचं बघ. शंका ऱ्हायला नको."

बुंदीचे लाडू आले, आणि मी रंगमंचावर आलो. पहिला लाडू वर उचलून सगळ्यांना दाखवला, त्याला रामराम केला, म्हटलं, "या पावणं, घर तुमचंच हाय." पंगत हसली. दादानं दोन एकदम तोंडात घातले. मग आमची जुनी जुगलबंदी सुरू झाली. व्याह्यांसाठी एक, भैरोबासाठी एक, नवऱ्यामुलासाठी एक. वाढणारे दमले. मी बावीस खाल्ले. दादानं पंचवीस खाऊन ढेकर दिली आणि वर तांब्याभर पाणी घटाघटा प्याला.

आबांनी मिशी पुसली. "लोकं कायबी बोलत्यात," ते म्हणाले. "घर खातंपितं हाय. शंका मिटली."

दाराशी वहिनी आणि यमीची आई उभ्या होत्या. त्यातली एक तरी हसत असेल असं मला वाटलं होतं.

*

वैशाखात लग्न झालं. आता सांगू, असं म्हणता म्हणता मुलीचं जाणं-येणं आलं, मग पावसाला सुरुवात झाली. लावणी उरकू दे, मी म्हटलं. शेतकऱ्याला लावणीतून उठवून डॉक्टरकडे कसं न्यायचं? कारणं मला कधीच कमी पडली नाहीत. तीही मी रंगवून सांगू शकतो.

लावणीत दादाच्या अंगठ्याला बांधावरचा दगड लागला. त्याला कळलंच नाही. पाय बधिर झालेला, ते किती दिवसांचं होतं कोण जाणे. चिखलात तांबडं दिसलं ते वहिनींना. हळद-तेल झालं, झाडपाला झाला. पोळ्याला अंगठा काळा पडला तेव्हा त्याला माझ्याकडे आणलं.

डॉक्टरांनी पट्टी सोडली, वास आला, आणि त्यांनी दादाच्या पायाकडे न बघता माझ्याकडे बघितलं. "मी महिना सांगितला होता," ते म्हणाले. एवढंच म्हणाले.

दादानं ते ऐकलं. तो माझ्याकडे वळला, आणि मग त्यानंच पट्टी पुन्हा गुंडाळायला घेतली.

पुण्याच्या गाडीला तासभर अवकाश होता. दादाला पार्सल ऑफिसात बसवलं. त्याची नजर काट्यावर गेली. "चढिव मला," तो म्हणाला. मी नको म्हटलं. "चढिव रं. यंदाचा शिमगा तसाच गेला. नेम चुकवू न्हाई." दोन हमालांनी धरून त्याला उभा केला. मी काटा सरकवत सरकवत मागे आणत गेलो. तीन मणांवर थांबेल असं वाटलं, थांबला नाही. दोन मण अकरा शेर. एवढा दादा कधी गेला, कुठं गेला, मला दिसलं कसं नाही?

"तुझं किती हाय आता?"

"दोन मण तीस," मी म्हणालो.

"मग जिकलास की," दादा म्हणाला. "खडू घे."

खडू मी घेतला. आकडा मी लिहिला नाही.

*

पुण्याच्या दवाखान्यात त्याचा पाय गुडघ्याच्या वर कापला. सकाळी सुई, दुपारी पट्टी, संध्याकाळी पुन्हा सुई. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला दादा कुस्तीच्या गोष्टी सांगायचा. परिचारिका रागावली तर म्हणायचा, "बाई, आता पळून कुटं जानार?" सगळी खोली हसायची, आणि मी जिन्यात जाऊन उभा राहायचो.

चौथ्या दिवशी, चहाच्या वेळी, मी त्याला सगळं सांगितलं. नळी, वीट, 'याच महिन्यात', भैरोबाची आण घेऊन बोललेलं अर्धं खरं. चहा गार होईपर्यंत बोललो. माझ्या आयुष्यातलं एवढं रडकं भाषण मी दुसरं केलेलं नाही.

दादानं बशीतला चहा खिडकीतून ओतला. त्यात साखर नव्हती, त्यामुळं त्याला तो आवडायचा नाही.

"मुंग्या माज्याबी मागं व्हत्या," तो म्हणाला.

मला कळलं नाही.

"दिवाळीपासनं. तळेगावच्या वैद्यानं सांगितलं व्हतं, साखरंचा रोग हाय, खानं तोड. म्हटलं, रघ्याला सांगितलं तर त्यो गावभर नकला करंल. वराळ्याला कळंल. यमीचं होऊ दे, मंग बघू." तो छताकडे पाहत होता. "पंगतीत पंचवीस लाडू खाल्ले तवा वाटलं, ह्या येड्याला काय ठाव मी काय गिळतोय."

मी त्याच्या पायापाशी बसलो होतो. उरलेल्या एका पायापाशी.

"तू किती खाल्लंस रं तवा?" त्यानं विचारलं.

"बावीस."

"कच्चा तो कच्चाच," दादा म्हणाला, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

विष वर चढलं. नवव्या दिवशी तो गेला.

*

याला चार वर्षं झाली. आता लढाई चालू आहे आणि साखर कार्डावर मिळते. लोक कुरकुरतात, मी आमच्या वाटणीची शेजाऱ्यांना देतो. माझं वजन दोन मण चार शेर आहे. भात आठवड्यातून एकदा, मूठभर. पुन्हा कधी पथ्य मोडलं नाही. त्याचं श्रेय मला नको.

हे मी कुणाला सांगणार नव्हतो. यमुनेच्या कानावर जाईल, तिला वाटेल काका आपल्या लग्नापायी गेले, म्हणून मी गप्प होतो. गप्प राहण्याचं औषध मी एकदा घेऊन पाहिलं होतं, तरी पुन्हा तेच घेतलं.

मग यंदा तिच्या धाकट्याच्या जावळाला वराळ्याला गेलो. आबा अंगणात भेटले ते खुशीतच. "तुमची लेक बघा कशी भरलीया. आमच्या घरचं पानी मानवलं." मी बघितलं. यमुना बाळाचं पांघरूण आणायला माडीवर निघाली होती. तिसऱ्या पायरीवर ती थांबली आणि खिडकीतून बाहेर पाहू लागली. बाहेर गोठ्याची भिंत होती. बघण्यासारखं तिथं काही नव्हतं.

पंगत बसली. आबा स्वतः लाडवांचं ताट घेऊन आले. "घ्या व्याही. तुमचा लाडू आमी अजून इसरलो न्हाई." सगळे माझ्याकडे वळले. मी पानावर हात आडवा धरला.

"आसं कसं? एक तरी."

मी हात काढला नाही, आणि सांगितलं. या वेळी नकला केल्या नाहीत. साखरपुड्याच्या पंगतीत दोन भाऊ शेजारी बसून काय करत होते ते, आणि का करत होते ते.

आबा ताट घेऊन तसेच उभे राहिले. "तवा सांगितलं असतं," ते हळूच म्हणाले, "तर म्या लगीन मोडलं असतं."

"म्हनूनच सांगितलं न्हाई."

"व्हय. मोडलं असतं." ते खाली बसले. लाडवांचं ताट त्यांनी मागं सरकवलं. पंगतीत कुणी जेवत नव्हतं.

यमुना तुपाची वाटी घेऊन माझ्या मागं उभी होती, हे मला तिच्या आवाजानं कळलं. "काकांना ठाव व्हतं?"

"व्हतं."

"आन तुमाला?"

"मलाबी."

ती पुढच्या पानाकडे गेली नाही. वाटी घेऊन आत गेली. मला वाटलं, ही पोरगी आता माझं तोंड बघायची नाही. हात धुताना आबा जवळ आले आणि म्हणाले, "सोमवारच्या गाडीनं पाठवतो तिला. डाक्टरला दावा."

सोमवारी ती आली. बाळ आजीपाशी ठेवून माझ्याबरोबर स्टेशनवर आली. डॉक्टरांकडे जायच्या आधी मीच तिला पार्सल ऑफिसात नेलं. दाराआडची भिंत दर वर्षी चुना लावून घेतात. तेवढी हातभर जागा मी सोडायला लावतो. यमुनेनं चपला काढल्या, पदर खोचला आणि काट्यावर चढली. मी काटा सरकवला. आकडा तिला नीट दिसला.

हमाल दारात जमले होते. कुणी टाळी वाजवली नाही.

खाली उतरून तिनं माझ्याकडे खडू मागितला, आणि दादाच्या 'तीन मण सात'च्या खाली आपल्या हातानं आपलं वजन लिहिलं.